बटणामागची तार

दिवाळी अंकातील टीकालेखाचा विषय म्हणजे एखादी कादंबरी, एखादे नाटक, फार झाले तर एखादा चित्रपट, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडून मी या वर्षी एका विमानाच्या कॉकपिटवर लिहिणार आहे. आणि तेही खऱ्या विमानाच्या नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावरील खोट्या विमानाच्या. वाचकांना हा विषय परका वाटेल. पण ज्या घरच्या अंगणात दिवाळीच्या सुट्टीत किल्ला उभा राहतो, त्या घराला तो वाटतो तितका परका नाही. कसा, ते ओघाने येईलच.

प्रथम या कलाकृतीची थोडी ओळख करून दिली पाहिजे. जमिनीवर बसून विमान चालविण्याचा आभास निर्माण करण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेत १९२९ साली एडविन लिंक नावाच्या गृहस्थाने लाकडी विमानाचा एक लहानसा नमुना केला. वडिलांचा कारखाना ऑर्गन व पियानो बनविण्याचा. तेव्हा आपल्या पेटीला असतो तशा जातीच्या भात्यांवर त्याने आपले विमान डोलविले. पुढे पन्नास वर्षांनी, १९७९ साली, ब्रूस आर्टविक याने घरगुती संगणकावर चालणारा फ्लाइट सिम्युलेटर विक्रीस आणला. त्यातील विमान म्हणजे चार रेघा आणि काही आकडे. त्याच परंपरेत मायक्रोसॉफ्टने २०२० साली नवा सिम्युलेटर प्रसिद्ध केला. त्यात अनेक विमानांबरोबर एअरबस ए३२० निओ हे प्रवासी विमान होते. आपल्यापैकी जे मुंबई-नागपूर किंवा पुणे-दिल्ली असा प्रवास करतात, त्यांनी या जातीच्या विमानात पाय ठेवलेला असण्याचा संभव पुष्कळ आहे.

हे मूळ विमान दिसायला देखणे होते, पण त्यातील बरीच बटणे नुसती शोभेची होती. तेव्हा जगभरच्या काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन ‘फ्लायबायवायर’ या नावाने ते आतून नव्याने रचायला घेतले. हे काम त्यांनी विनामूल्य लोकांपुढे ठेवले. इतकेच नव्हे, तर त्याची संहिता, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा सगळा मजकूरही, कुणालाही वाचता येईल असा उघडा ठेवला. प्रस्तुत लेखाचा विषय ते विमान आणि विशेषतः त्याचे कॉकपिट हा आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, यंत्रशास्त्राशी संबंध सायकलचे पंक्चर काढण्यापुरता. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला आग्रहाने घरी नेले. तो या कामाचा भक्त आहे. ती उघडी संहिता तो रात्ररात्र वाचतो आणि तिच्या आधाराने स्वतःचे एक छोटे विमान रचतो आहे. त्याने पडद्यावर ए३२० चे कॉकपिट उघडले आणि म्हणाला, “सर, आधी नुसतं बघा.”

मी बघितले. डोक्यावरच्या पट्टीतील एकेक स्क्रू, बटणांच्या कडांना उडालेला रंग, खिडकीतून येऊन खुर्चीवर पडलेले ऊन. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी प्रथम हरखलो, आणि मग थोडा सावध झालो. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्राच्या पेपराला असा एखादा विद्यार्थी हमखास भेटतो. तांब्यावरची प्रत्येक चकाकी तो टिपतो, काठावरचा पोचा काढतो, पण त्याचा तांब्या टेबलावर बसलेला नसतो. हवेत तरंगत असतो. तपशील सगळा बरोबर आणि चित्र खोटे. हेही तसेच तर नसेल, अशी शंका मनात आली.

“आता काहीतरी दाबा,” तो म्हणाला. मी एक दिव्याचे बटण दाबले. काहीच झाले नाही. दुसरे दाबले, तरी तेच.

“बिघडलंय वाटतं,” मी म्हणालो.

“नाही सर. बॅटरी बंद आहे.”

या एका उत्तरात या कलाकृतीचे सारे मर्म आहे, असे मला वाटते. सामान्य प्रतीच्या खोट्या विमानात बटण दाबले की दिवा लागतो, कारण करणाऱ्याने ‘हे दाबले तर ते लाव’ एवढेच लिहिलेले असते. इथे तसे नाही. इथे बटण फक्त एक जोडणी करते. मग दिव्याच्या बाजूने प्रश्न विचारला जातो की, माझ्या वाहिनीवर वीज आहे काय? त्या वाहिनीला ती कुठून मिळते? बॅटरीतून, इंजिनावरच्या जनित्रातून, की बाहेर उभ्या असलेल्या गाडीतून? ही विचारणा सेकंदातून कितीतरी वेळा चाललेली असते. विद्यार्थ्याने दोन्ही बॅटऱ्या चालू केल्या, तेव्हा काही दिवे लागले, सगळे नव्हेत. मग त्याने शेपटातील लहान इंजिन सुरू केले. ते वीज देते आणि दाबाची हवाही देते. त्या हवेने पंखांखालची मोठी इंजिने फिरू लागतात. एकाचा हात दुसऱ्याने धरल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही.

याचे एक उदाहरण प्रवाशांच्याही ओळखीचे असेल. विमान निघण्याच्या सुमारास पायाखालून करवत चालावी किंवा कुत्रे भुंकावे तसा आवाज येतो आणि नवखा प्रवासी शेजाऱ्याचे तोंड बघतो. या विमानात तेलाच्या दाबाच्या तीन स्वतंत्र व्यवस्था असतात. त्यांना हिरवी, निळी आणि पिवळी अशी नावे आहेत. हिरवी आणि पिवळी यांच्या दाबात फार तफावत पडली, तर मधले एक यंत्र दुबळीला जोर पुरवते. मात्र एकीचे तेल दुसरीत जाऊ देत नाही. तो आवाज त्या यंत्राचा. खोट्या विमानात हा आवाज ध्वनिमुद्रित करून योग्य वेळी वाजविणे सोपे होते. या मंडळींनी दोन्ही व्यवस्थांतील दाबाचे गणित मांडले. तफावत पडते, म्हणून यंत्र चालते, आणि यंत्र चालते म्हणून आवाज होतो.

आता किल्ल्याकडे वळतो. आमच्या आळीत दरवर्षी सात-आठ किल्ले होतात. काहींवर बाजारातून आणलेले पन्नास मावळे, तोफा, हत्ती, उंट यांची दाटी असते. गेल्या वर्षी एका मुलाच्या किल्ल्यावर मावळे चारच होते; पण त्याने मागच्या भिंतीवर सलाइनची बाटली टांगून तिची नळी मातीखालून तळ्यात आणली होती, आणि तळ्यात बोटभर कारंजे उडत होते. आळीतील सगळी पोरे तिथेच उकिडवी बसलेली. बाटली रिकामी झाली की कारंजे मान टाकी, आणि मुलगा पाणी भरायला धावे. त्या धावण्यात त्या किल्ल्याचा खरेपणा होता.

हे मी इतक्या आस्थेने लिहितो त्याला माझे स्वतःचे एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी मोटार गॅरेजच्या पार्श्वभूमीवर एक कादंबरी लिहिली. त्यासाठी दोन महिने गॅरेजात जाऊन बसलो. पाने, पकडी, जॅक, ग्रीसचे डबे यांची नावे वहीत उतरवून घेतली आणि ती सगळी कादंबरीत घातली. परीक्षणांत ‘अस्सल वातावरणा’बद्दल कौतुक झाले. ज्यांच्याकडून मी ती नावे घेतली, त्या वयस्क मेकॅनिकना एक प्रत नेऊन दिली. महिन्याभराने भेटलो तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, हत्यारं सगळी आहेत तुमच्या पुस्तकात. पण एकबी गाडी बिघडत नाही.”

त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले. त्या उन्हाळ्यात पडद्यापुढे बसलो असताना मात्र ते वाक्य मला पुन्हा ऐकू आले. माझी हत्यारे शोभेची बटणे होती. त्यांच्यामागे तार नव्हती. नायकाने पाना उचलला काय किंवा पकड उचलली काय, पुढच्या प्रकरणात त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. आपल्या पुष्कळशा वास्तववादी म्हणविणाऱ्या लेखनाची हीच गत आहे. वस्तूंची यादी वाढली म्हणजे जीवन आले, असे आपण धरून चालतो.

मग पुरेसा तपशील आणि त्यामागच्या तारा एवढे साधले, की कलाकृती पूर्ण झाली काय? इथे मला या कॉकपिटची दुसरी बाजू पाहावी लागते.

खऱ्या ए३२० च्या रचनाकारांचे एक तत्त्व असे, की सर्व काही ठीक असेल तेव्हा डोक्यावरच्या पट्टीवरील दिवे विझलेले असावेत. दिवा लागला, तर तो काहीतरी सांगण्यासाठी. हा संयम या नकलेतही नीट उतरला आहे. परंतु त्याच विमानात अशाही काही गोष्टी आहेत, ज्या दिवा लावून ओरडत नाहीत, फक्त लिहून ठेवतात. विद्यार्थ्याने विमान वर नेले आणि थोड्या वेळाने खाली आणू लागला. मी खिडकीतून शेते बघत होतो. त्याने विचारले, “सर, इंजिन आता काय करतंय?” मी इंजिनाच्या दांड्यांकडे पाहिले. त्या जागच्या हललेल्या नव्हत्या. “मघासारखंच चाललंय,” मी म्हणालो. त्याने समोरच्या पडद्याच्या वरच्या कडेकडे बोट दाखविले. तिथे इंग्रजी अक्षरांत दोन छोटे शब्दसमूह होते. अर्थ असा, की इंजिने किमान जोरावर आहेत आणि विमान ‘ओपन डिसेंट’ या पद्धतीने उतरते आहे. या विमानात जोराचे नियंत्रण स्वयंचलित असले, म्हणजे दांड्या आपणहून पुढेमागे होत नाहीत. हाताला काही कळत नाही. वाचावेच लागते.

मग त्याने मला १४ फेब्रुवारी १९९० ची आठवण दिली. त्या दिवशी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए३२० बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ दगावले. हे विमान तेव्हा आपल्याकडे अगदी नवे होते. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात ते याच अवस्थेत, किमान जोरावर होते. वेग घटत गेला आणि जोर वेळेवर वाढविला गेला नाही. कारणांची चर्चा पुष्कळ झाली, तिच्यात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसले, की पडद्यावर लिहिलेले मीही वाचले नव्हते. आणि मी तर जमिनीवर, पंख्याखाली, हातात सरबताचा पेला घेऊन बसलो होतो.

त्या दोन शब्दांपाशी हे कॉकपिट माझ्या दृष्टीने मोठे ठरते. करणाऱ्याला ती अक्षरे नुसती रंगवून भागले असते. त्याने त्यांच्यामागे तार ओढली, म्हणून माझे चुकणे शक्य झाले. ज्या रचनेत बघणाऱ्याला चुकण्याची सोय असते, तीच रचना त्याला काही शिकवू शकते.

आणि त्याच ठिकाणी तिची मर्यादाही दिसते. हे विमान दोघांनी चालवायचे असते. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने पडताळायचे. पडद्यापुढे मात्र माणूस एकटा बसून दोघांचे काम करतो, आणि आपलीच चूक आपणच तपासतो. शिवाय खऱ्या विमानात दिशा व स्थिती दाखविणारी उपकरणे स्थिर व्हायला सुमारे दहा मिनिटे लागतात. इथे तो वेळ खराखुरा ठेवावा, कमी करावा की एका क्षणात आटोपावा, हे निवडण्याची सोय आहे. अधीर माणसाचा सोडाच, माझ्या विद्यार्थ्याचाही हात क्षणात आटोपण्याकडे जातो, हे मी पाहिले. करणाऱ्यांना मी दोष देत नाही. घरी रात्री तासभरच मिळणाऱ्या माणसाची त्यांनी कीव केली आहे. पण वाट पाहणे हाही त्या कामाचा एक तपशील होता, आणि तो ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडला गेला. शेवटी खेळ थांबविण्याची कळ तर आहेच. बंगळूरला ती नव्हती.

तरीही माझे मत विचाराल, तर गेल्या काही वर्षांत मी वाचलेल्या अनेक कादंबऱ्यांपेक्षा या कॉकपिटात अधिक प्रामाणिकपणा आहे. ते कुणा एकाच्या नावावर नाही, त्याला किंमत नाही, आणि त्यातील उत्तम काम बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतही नाही. ते पट्टीच्या मागे आहे.

माझ्या नव्या कादंबरीचे हस्तलिखित टेबलावर पडले आहे. तिच्यात एका छापखान्याचे अकरा पानी वर्णन आहे. टाइपांच्या केसेस, गॅली, शाई, सगळे आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती पाने पुन्हा वाचणार आहे. त्यातले कोणते यंत्र कुठल्या पानावर बंद पडते आणि त्याने कुणाचे काय अडते, एवढेच पाहायचे. ज्याचे उत्तर मिळणार नाही, ते काढून टाकीन.

आळीतल्या त्या मुलाने यंदाही किल्ल्याला माती आणली आहे. काल मी विचारले, मावळे किती मांडणार? तो म्हणाला, “ते अजून ठरलं नाही सर. आधी नळी कुठून न्यायची ते बघतोय.”