कार्बन कॉपी न काढलेलं पत्र

हेलीन हान्फला कादंबऱ्यांचं वावडं होतं. जी माणसं जगात कधी नव्हतीच, त्यांचं पुढे काय झालं याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला हवा असे तो प्रत्यक्ष तिथे हजर असलेला, स्वतःच्या तोंडाने बोलणारा माणूस. मग तो लंडनमधल्या घडामोडी रोजच्या रोज लिहून ठेवणारा पीप्स असो, व्यासपीठावरून प्रवचन देणारा जॉन डन असो, नाहीतर निबंधातून चिडचिड करणारा हॅझलिट. '84, चेअरिंग क्रॉस रोड' हे तिचं 1970 सालचं छोटेखानी पुस्तक वाचताना ही तिची खोड विसरून चालत नाही. या पुस्तकाचं सगळं कुलूप त्याच किल्लीने उघडतं.

पुस्तकात आहेत ती फक्त पत्रं. न्यूयॉर्कमध्ये जुन्या घरात राहणारी, नाटकं लिहून पाहणारी, पुढे पोटासाठी टीव्हीच्या मालिका लिहिणारी ही बाई एका साप्ताहिकातली जाहिरात पाहून 5 ऑक्टोबर 1949 रोजी लंडनच्या 'मार्क्स अँड कंपनी' या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला यादी पाठवते. दुकानातून उत्तर येतं, आणि पुढची वीस वर्षं पत्रं चालू राहतात. लॅटिन बायबल, स्टीव्हन्सनचे निबंध, वॉल्टनने लिहिलेली चरित्रं, कार्डिनल न्यूमन, लँडॉर, चॉसर: यादी वाचून वाटतं, बाई कुठल्यातरी विद्यापीठात प्राध्यापक असणार. प्रत्यक्षात फीचे पैसे संपल्यामुळे कॉलेज तिला एकाच वर्षात सोडावं लागलं होतं.

मग ही यादी आली कुठून? त्याचं उत्तर तिने 'क्यूज लेगसी' या 1985 सालच्या पुस्तकात दिलं आहे. कॉलेज सुटल्यावर फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयात ती इंग्रजी साहित्य शिकवणारा मास्तर शोधत होती. तो तिला क्यू अक्षराच्या कप्प्यात सापडला: केंब्रिजचे प्राध्यापक सर आर्थर क्विलर-कूच. ते आपल्या व्याख्यानात मिल्टन गृहीत धरतात, म्हणून व्याख्यान बाजूला ठेवून हिने मिल्टन घ्यायचा. मिल्टन बायबल गृहीत धरतो, म्हणून मिल्टन मिटून बायबल. म्हणजे गुरूच्या एका पानावरून पुढच्या पानावर जायला मध्ये दोन-चार ग्रंथ. क्विलर-कूच 1944 मध्येच वारले, ही शिष्या आहे हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण चेअरिंग क्रॉस रोडला गेलेली तिची प्रत्येक मागणी म्हणजे त्या घरबसल्या शिकवणीचा पुढचा धडा आहे.

म्हणूनच तिचं भांडण आवृत्तीवरून होतं. दुकानाने पीप्सच्या रोजनिशीची काटछाट केलेली आवृत्ती पाठवली तेव्हा तिचा पारा असा चढला की आता ही पत्रव्यवहार तोडणार, असं वाटावं. ज्याला भेटायला निघालो त्याच्या दारात तिसराच कोणी उभा राहून 'साहेब काय म्हणाले ते मी थोडक्यात सांगतो' म्हणू लागला तर कसं वाटेल, तसला हा संताप. आणि एकदा तर पार्सल गुंडाळायला दुकानाने एका जुन्या पुस्तकाचीच पानं वापरली. तिने ती वाचली, पान ऐन लढाईत संपलं, आणि ही कुठली लढाई होती म्हणून तिने दुकानालाच धारेवर धरलं!

जुन्या प्रतींवरचं तिचं प्रेमही त्याच जातीचं. हॅझलिटचा खंड हातात घेतल्यावर जिथे आपोआप उघडला ते पान नव्या पुस्तकांना नाकं मुरडणारं निघालं. म्हणजे आधीच्या मालकाने ते पुन्हा पुन्हा वाचलेलं असणार. त्या अनोळखी वाचकाला तिने तिथल्या तिथे आपला सोबती मानून टाकलं. फोर्टच्या फूटपाथवर पुस्तकं चाळणाऱ्यांना हा आनंद समजावून सांगायला नको. मात्र जे पुन्हा वाचायचं नाही ते पुस्तक ती दर वर्षी सरळ टाकून द्यायची, हे वाचून आपल्याकडचे संग्राहक कानावर हात ठेवतील.

या पुस्तकाबद्दल बोलताना सगळे तिच्या विनोदाबद्दल बोलतात. मला त्यातली जास्त कसबी पत्रं फ्रँक डोएलची वाटतात. तो दुकानातला नोकर. सुरुवातीला नाव नाही, नुसती आद्याक्षरं. भाषा पावती फाडल्यासारखी. इकडून ती टपल्या मारते, तिकडून तो पुस्तकाची बांधणी, स्थिती आणि किंमत कळवतो. युद्ध संपून चार वर्षं झाली तरी इंग्लंडमध्ये रेशनिंग होतं. घरटी आठवड्याला दोन औंस मांस आणि माणशी महिन्याला एक अंडं मिळतं, हे कळल्यावर तिने नाताळासाठी सहा पौंडांचा हॅम धाडला. आणि मग तिची पाचावर धारण बसली. मालक मार्क्स आणि कोहेन. ज्यू असले तर? डुकराचं मांस चालायचं नाही! दुकानातल्या इतरांनी आभाराची पत्रं लिहिली, त्यातलं एक तर फ्रँकच्या चोरून. कारण हेलीन ही आपली खासगी पत्रमैत्रीण आहे अशी त्याची समजूत असल्याचं ते पत्र लिहिणाऱ्या बाईला दिसत होतं.

1952 च्या फेब्रुवारीत फ्रँक तिला पहिल्यांदा नुसतं नावाने लिहितो आणि कारणही देतो. दुकानाच्या पत्रांची प्रत फायलीत लागते, म्हणून 'मिस हान्फ' लिहावं लागत होतं. या पत्रात पुस्तकांचं काही नाही, सबब प्रत काढलेली नाही. बस्स. स्नेहाचा एक शब्द न उच्चारता केलेली ही कबुली आहे, आणि तीही ऑफिसच्या नियमाच्या आडून. इतकं संयमी वाक्य लिहायला कादंबरीकाराला जन्म घालवावा लागतो. फ्रँकने ते कारकुनी सरळपणाने लिहून टाकलं.

गंमत पुढे आहे. कादंबरी न वाचणारी ही बाई त्याच वर्षी जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर अशी लट्टू झाली की दुकानाने प्रत शोधून देईपर्यंत ग्रंथालयाची प्रत परत करायला तयार होईना. न जगलेल्या माणसांना अखेर तिने घरात घेतलं. जानेवारी 1969 मध्ये दुकानाच्या सेक्रेटरीचं पत्र येतं: श्री. डोएल गेले. आणि त्याच पत्रात विचारणा आहे, ऑस्टिनची पुस्तकं अजून हवी आहेत का? 1987 च्या चित्रपटात अ‍ॅन बँक्रॉफ्ट आणि अँथनी हॉपकिन्स दोघांनी जीव ओतला आहे, पण या कोरड्या चौकशीइतकं जिव्हारी लागणारं त्यात मला काही सापडलं नाही.

त्यानंतर फ्रँकच्या पत्नीचं, नोराचं पत्र आहे. तुमच्या पत्रांनी फ्रँकला एवढा आनंद व्हायचा की मला कधी कधी तुमचा हेवा वाटे, असं ती मोकळेपणाने कळवते. ही कबुली हेलीनने पुस्तकातून गाळली नाही. पीप्सची काटछाट सहन न होणाऱ्या बाईने ती गाळली असती तरच नवल.

पुस्तक गाजल्यावर 1971 मध्ये ती लंडनला गेली, तोवर दुकान बंद झालं होतं. त्या प्रवासाची रोजनिशी 'द डचेस ऑफ ब्लूम्सबरी स्ट्रीट' नावाने निघाली. तिथे नोरा भेटते, वाचक भेटतात, मेजवान्या होतात, आणि हेलीन फारच शहाण्यासारखी वागते. मला पत्रातली भांडकुदळ हेलीन बरी वाटते.