खिडकीजवळची जागा

तेत्सुको कुरोयानागी यांच्या बालपणीच्या आठवणी १९८१ साली जपानीत पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच ‘खिडकीजवळची’ हा शब्द होता. त्या काळी जपानी कचेऱ्यांत बाजूला सारलेल्या माणसाला ‘खिडकीजवळचा’ म्हणत. इंग्रजीत खिडकी राहिली, टोमणा गेला. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या ओघवत्या मराठी अनुवादावर नुसती ‘तोत्तोचान’ उरली. मला ही गळती खटकते. तोत्तोचानच्या जुन्या आणि नव्या शाळेतला फरक या खिडकीवरच तर तोललेला आहे!

जुन्या शाळेत वर्ग चालू असताना ती खिडकीशी उभी राहते, रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारते. असल्या खोड्यांपायी तिचे नाव शाळेतून कमी होते. नवी शाळा, तोमोए, भरते आगगाडीच्या जुन्या डब्यांत. डब्यात खिडकीपासून लांबची जागा कुठून आणणार? शिवाय रोज हवे तिथे बसायचे. कालची खोडी इथे अख्ख्या वर्गाची बैठक होते.

पुढे ग्रंथालयासाठी आणखी एक डबा यायचा असतो. तो कसा येतो ते पाहायला मुले रात्री शाळेतच मुक्काम करतात. शाळेच्या नव्या खोलीची अशी वाट पाहणारी मुले मला दुसऱ्या पुस्तकात भेटलेली नाहीत.

१९४५च्या हवाई हल्ल्यात हे डबे जळाले. आगीकडे पाहत मुख्याध्यापक कोबायाशी आपल्या मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी बांधायची? ते १९६३ साली वारले. तशी प्राथमिक शाळा पुन्हा उभी राहिली नाही.