तांदळातले लोह आणि ताटातली उणीव

रेशनच्या तांदळातले काही दाणे पाण्यात तरंगताना दिसले आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आल्याची अफवा देशात ठिकठिकाणी पसरली. ते दाणे तांदळाचेच असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने त्याला पुन्हा दाण्याचा आकार देतात आणि शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळतात. अफवा खोडणे सोपे आहे. या तांदळाकडून बाळगलेली अपेक्षा तपासणे अधिक गरजेचे आहे.

सरकारी योजनांतला तांदूळ २०२४ पर्यंत असा समृद्ध करण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. मानकानुसार त्यात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे. माणशी महिना पाच किलो धान्य, तेही सगळे तांदूळच धरले, तर दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम तांदूळ, म्हणजे ५ ते ७ मिलिग्रॅम लोह होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी सुचवलेले प्रमाण २९ मिलिग्रॅम आहे. मग उरलेले तीनचतुर्थांश कोठून यायचे?

येथे आयोडीनयुक्त मिठाचा दाखला दिला जातो. कांगडा खोऱ्यातील प्रयोगानंतर १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो उपाय गुणकारी ठरला. पण तेथे मातीतच एक घटक कमी होता आणि मिठातून तो भरून काढता आला. डहाणू-तलासरीतल्या मजूर कुटुंबाच्या ताटात एकच घटक कमी नसतो. तेथे डाळ, तेल, अंडी, दूध, फळे असे बरेच काही कमी असते. तांदूळ फुकट मिळतो. बाकीचे रोजंदारीतून विकत घ्यावे लागते. पावसाळ्यात रानभाज्या मिळतात, पण दिवाळीनंतर कामासाठी घर सोडले की त्याही तुटतात. रक्त तयार होण्यास प्रथिनेही लागतात, आणि लोह शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते. भाताबरोबर हे नसेल, तर घातलेल्या लोहाचाही पुरता उपयोग होत नाही. २०१९ च्या कोक्रेन समीक्षेतही लोहयुक्त तांदळाने रक्तक्षयाच्या प्रमाणात फारसा फरक पडल्याचे दिसले नाही.

शिवाय या भागातील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. तेथील रक्तक्षयाचे कारण रक्तपेशींची अकाली होणारी मोड हे असते, आणि वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साठून राहते. तेव्हा तपासणीआधी सर्वांना एकच औषध हा विचार शास्त्रीय म्हणता येणार नाही.

समृद्ध तांदूळ निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. तो पुरवणी आहे, जेवण नव्हे. २०१५ साली आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देण्यासाठी आणलेली अमृत आहार योजना, पुढे मुलांना दिलेली अंडी, आणि तांदळाच्या कित्येक पट कॅल्शियम असलेली इथलीच नाचणी ही दिशा मला अधिक योग्य वाटते.

शिक्षकांनी वर्गात एक गणित घालावे. आठवडी बाजारातले भाव मुलांकडून आणवावेत, पाच माणसांच्या चौरस जेवणाचा दिवसाचा खर्च काढावा आणि तो गावातल्या एका दिवसाच्या मजुरीशेजारी मांडावा. कुपोषणाचे मूळ त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात सापडेल.