न्यायमंदिरात नाटक, पण कुठल्या खोलीत?

बडोद्याच्या न्यायमंदिरातलं कोर्ट २०१८ साली नव्या संकुलात गेलं. तिथे शहराचं संग्रहालय करायची घोषणा झाली. आमच्या मंडळात मात्र एक सूचना सारखी येते: मधल्या मोठ्या दालनात नाट्यगृह करा. नाटकाला माझा विरोध नाही, जागेच्या निवडीला आहे.

वापर बदलला की वास्तू बाटते, हे मला पटत नाही. चिझमची ही १८९६ची इमारत मुळात मंडईसाठी योजलेली. पुढे तिथे भाजीवाल्यांऐवजी वकील बसले, इतकंच.

मी पेशानं इंजिनिअर, त्यामुळे आधी दिसते ती ध्वनीची अडचण. उंच छत, कडक भिंती, मोझेक. टाळी वाजवली की आवाज रेंगाळतो. संवाद नीट कळायचे तर तो साधारण सेकंदाभरात विरायला हवा. त्यासाठी पडदे लावा, भिंतींना पट्ट्या ठोका, म्हणजे जे बघायला लोक येणार तेच झाकायचं! आणि महाराणी चिमणाबाईंच्या पुतळ्याचं काय करणार? विंगेत ढकलणार?

दुसरं असं, की ते दालन वाट बघण्याचं. निकाल लागायचे ते कोर्टाच्या खोल्यांत.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये गावातल्या हॉलमध्ये लुटुपुटूचं कोर्ट भरतं आणि लीला बेणारे खरोखरच आरोपी होऊन बसते. आपण उलट्या दिशेनं निघालोय. खऱ्या कोर्टात नाटक मांडणार, तर त्या खोलीत माणसं कशी उभी राहिली असतील हे विसरून कसं चालेल? याच संस्थानानं १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. बाई कोर्टाची पायरी चढते तेव्हा तिच्यावर किती डोळे रोखलेले असतात, हे बेणारेचं नाटक दाखवतं. ते मऊ खुर्च्यांच्या थिएटरात बघणं वेगळं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून चार हातांवर बसून बघणं वेगळं.

म्हणून म्हणतो, एक मध्यम आकाराची कोर्टाची खोली घ्या. न्यायासनाचा चौथरा, कठडा, पिंजरा, जे उरलं असेल ते हलवू नका. साठ-सत्तर खुर्च्या मांडा, माइक नको. मोठं दालन आहे तसंच राहू दे. नाटकाची घंटा होईपर्यंत प्रेक्षक तिथे ताटकळतील, पूर्वी पक्षकार ताटकळायचे तसे.