शर्यत कोणासाठीं?

तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचें ‘तोत्तो-चान’ हें बालपणाच्या आठवणींचें पुस्तक १९८१ सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढें मराठींतही आलें. एका खट्याळ मुलीची गोड कथा म्हणून तें आपल्याकडे वाचलें जातें. तें गोड आहे यांत शंका नाहीं; परंतु त्याचें खरें मोल निराळें आहे. जें मूल इतरांसारखें नाहीं त्याला शाळेनें जवळ करावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, या अवघड प्रश्नाचें उत्तर त्यांत आहे.

सोसाकु कोबायाशी यांनीं १९३७ सालीं तोक्योंत स्थापिलेली तोमोए ही शाळा आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरे. पहिल्या शाळेंतून काढून टाकलेली तोत्तो-चान, पोलिओनें अधू झालेला यासुआकी, शरीराची वाढ खुंटलेला ताकाहाशी हीं मुलें तेथें इतरांच्या बरोबरीनें शिकत. क्रीडादिनाचें प्रकरण पाहा. आंखूड हातपायांचा ताकाहाशी त्या दिवशीं शर्यतींमागून शर्यती जिंकतो. कारण मुख्याध्यापकांनीं शर्यतींची योजनाच तशी केलेली असते. कापडी माशाच्या पोटांतून सरपटत जावयाचें, तर लहान देह हेंच बळ ठरतें.

कोणी म्हणेल, हा पक्षपात झाला. प्रथम वाचतांना मलाही तसेंच वाटलें होतें. परंतु सरळ रेषेंत शंभर मीटर धावण्याची शर्यत तरी निसर्गानें कोठें नेमून दिली आहे? तीही कोणीतरी लांब पायांच्या सोयीनेंच ठरविली. कोबायाशींनीं शर्यत रद्द केली नाहीं. ती कोणाला डोळ्यांपुढें ठेवून आंखावी, एवढेंच बदललें.

याहूनही मला मोलाचें वाटतें तें शेपटीचें प्रकरण. माणसाला पूर्वीं शेपूट होतें असें शिकवितांना वर्गशिक्षिका थट्टेनें ताकाहाशीला विचारतात, तुला शेपटी आहे ना? मुख्याध्यापक त्यांना, इतरांदेखत नव्हे, तर स्वयंपाकघरांत, कठोर शब्दांनीं जाब विचारतात. बाईंच्या मनांत दुष्टपणा नव्हता. म्हणूनच तें प्रकरण बोचतें. फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक अडखळत बोलणारा विद्यार्थी होता. उतारा मोठ्यानें वाचण्याची त्याची पाळी आली कीं मी त्याला वगळून पुढच्याला उठवीत असें, आणि हिलाच दया समजत असें. थोड्याच दिवसांत तो माझ्या तासाला येईनासा झाला. माझ्या त्या दयेलाही कोणीतरी असाच जाब विचारावयास हवा होता.

पुस्तकांत उणिवा आहेत. हें कृतज्ञ विद्यार्थिनीचें स्मरण असल्यामुळें ताकाहाशीचें अंतरंग आणि शिक्षकांचे रोजचे कष्ट ओझरतेच दिसतात. शिवाय तोमोएंत सारीं मिळून पन्नासच्या आसपास मुलें होतीं. आपल्याकडे कित्येक ठिकाणीं तेवढीं एकाच वर्गांत बसतात.

तरी ही सबब पुरी पडत नाहीं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें समावेशक शिक्षणाच्या व्याख्येंत दोन गोष्टी सांगितल्या आहेत : सर्व मुलांनीं एकत्र शिकावें, आणि शिकविण्याची पद्धत त्यांच्या गरजांप्रमाणें बदलावी. पहिली गोष्ट हजेरीपटावर दिसते. दुसरी शिक्षकाच्या वागणुकींत शोधावी लागते. म्हणून शाळेची परीक्षा करतांना अशीं किती मुलें दाखल झालीं एवढ्यावर न थांबतां, त्यांच्यासाठीं शाळेनें स्वतःचें काय बदललें, हें पालकांनीं विचारावें.

१९४५ सालच्या बाँबहल्ल्यांत तोमोए जळून गेली. तसे डबे आपल्याला मिळावयाचे नाहींत. परंतु उद्यांच्या तासाला आपण कोणाला वगळीत आहों, हें पाहण्यास डब्यांची गरज नाहीं.