उडत्या तबकड्यांचे वृत्तांकन आणि शासकीय गुप्तता : एक चिकित्सा

उडत्या तबकड्यांच्या बातम्यांबाबत वृत्तपत्रांवर सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात. ती अफवा पसरवितात, हा पहिला आणि सरकारच्या सांगण्यावरून सत्य दडवितात, हा दुसरा. अमेरिकेतील मूळ बातम्या तपासल्या असता तिसराच दोष अधिक गंभीर वाटतो. हाती आलेला प्रश्न सोडून देणे, हा तो दोष होय.

प्रथम नाव पाहावे. २४ जून १९४७ रोजी माउंट रेनिअरजवळ वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांना नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जावी तशी त्यांची गती होती, असा त्यांचा खुलासा होता. वृत्तपत्रांनी गतीची ही उपमा आकाराला चिकटविली. मराठीत ‘उडती तबकडी’ आणि उर्दूत ‘उडन तश्तरी’ रूढ झाली. ‘तबक’ मूळचा अरबी, ‘तश्तरी’ फारसी. शब्द बदलले, चूक मात्र तीच राहिली.

रॉझवेल प्रकरण अधिक बोलके आहे. लष्करी विमानतळाने तबकडी ताब्यात घेतल्याची बातमी ८ जुलै १९४७ रोजी ‘रॉझवेल डेली रेकॉर्ड’ने ठळकपणे छापली. दुसऱ्या दिवशी तो हवामानाचा फुगा असल्याचा खुलासा छापला. दोन्ही बातम्यांचा उगम लष्करातच होता. मात्र त्याच ९ जुलैच्या अंकात अवशेष सापडलेल्या पशुपालकाची मुलाखतही होती. रबर, चकचकीत कागद आणि काड्या सापडल्याचे त्याने सांगितले. हवामानाचे फुगे त्याला पूर्वीही सापडले होते आणि ही वस्तू तशी नव्हती, असेही तो म्हणाला. मग ती काय होती, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही. ते अवशेष बहुधा सोव्हिएत अणुचाचण्यांचा माग काढणाऱ्या गुप्त ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांचे होते, असे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. गुपित खरे होते, पण ते माणसांचेच होते.

१६ डिसेंबर २०१७ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पेंटॅगॉनच्या २ कोटी २० लाख डॉलरच्या अशाच एका कार्यक्रमाचे वृत्त दिले. त्यातील बराचसा पैसा सिनेटर हॅरी रीड यांचे मित्र रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीकडे गेल्याचेही त्यात नमूद होते. सार्वजनिक पैशाचा हा मुद्दा मागे पडला आणि लढाऊ विमानांतील चित्रफितींची चर्चा अधिक झाली. २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदींपैकी एकाच नोंदीचा उलगडा झाला होता. पुरेशी माहिती नसणे हे त्यामागील एक प्रमुख कारण अहवालातच दिले होते. ‘ओळख न पटलेले’ म्हणजे ‘परग्रहावरचे’ नव्हे, हा साधा भेद अनेक मथळ्यांत पुसला गेला. २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या संबंधित कार्यालयाने परग्रहावरील तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा नसल्याचे सांगितले. काही दावे खऱ्या गुप्त प्रकल्पांविषयीच्या गैरसमजातून निर्माण झाल्याचेही त्याने मान्य केले.

सारांश, सरकार काही लपवीत होते, ही वाचकांची शंका निराधार नव्हती. तिला योग्य दिशा देण्यात वृत्तपत्रे कमी पडली. बातमी कोणी दिली, त्याला ती कशी कळली आणि ती तशी सांगण्यात त्याचे हित कोणते, हे तीन प्रश्न तबकडीच्या बातमीलाही लागू पडतात. ते विचारले असते, तर रॉझवेलच्या चर्चेचा रोख आकाशाऐवजी लष्कराच्या कार्यालयाकडे वळला असता.