जात चोरली कुणी?

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहातून आली. दलित साहित्याच्या प्रत्येक चर्चेत तिचे नाव घेतले जाते. पण ते अस्मितेची, विद्रोहाची कथा म्हणून. ती नोकरीच्या ठिकाणची कथा आहे, ही गोष्ट आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. मला तिचे आजचे मोल नेमके तिथेच दिसते.

कथेचा नायक गावकुसाबाहेर नाही. तो रेल्वेत नोकरीला लागला आहे. यंत्राला जात नसते, असे ज्या जगाबद्दल आपल्याला सांगितले गेले, त्या जगात तो आला आहे. पण पगार रेल्वे देत असली तरी राहायची खोली, पाणी, सोबत हे सारे सहकाऱ्यांच्या हाती. नियमांचे पुस्तक कामाच्या तासांपुरते. उरलेला माणूस जातीच्या ताब्यात. म्हणून तो जात झाकतो, आणि ती उघडी पडताच कालचे स्नेही मारायला उठतात. काशीनाथ मात्र जात न लपवता छाती काढून उभा राहतो. या दोघांना स्वभावाचे दोन नमुने मानणे सोपे आहे. मला ते व्यवस्थेने ठेवलेले दोनच रस्ते वाटतात: लपा, नाहीतर रोज लढा. निमूट काम करून सुखाने घरी जाण्याचा तिसरा रस्ता इतरांना जन्मतःच मिळतो. या दोघांना नाही.

वर्गवादी समीक्षक म्हणतील, कामगार तेवढा एक. मग मुंबईच्या गिरण्यांतले साचेखाते आठवावे. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याची थुंकी सवर्ण विणकराला चालत नसे. म्हणून बऱ्या पगाराचे ते खाते अस्पृश्यांना बंद होते. हा मज्जाव मालकाने नव्हे, सोबत्यांनी पाळला. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले ते याच अनुभवावरून. बागुलांची कथा हे त्या विश्लेषणाचे साहित्यातले रूप आहे.

हे सारे जुने झाले, आता संगणक आला, गुणवत्ता आली, असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी सिस्को या अमेरिकन कंपनीवरचा खटला पाहावा. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने तो एका दलित अभियंत्याच्या बाजूने दाखल केला. वरिष्ठाने त्याचा आयआयटीतील प्रवेश राखीव जागेतून झाल्याचे सहकाऱ्यांना सांगितले, आणि त्याने तक्रार केल्यावर जातिभेद बेकायदा नाही असे कंपनीच्या अंतर्गत चौकशीत ठरले, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरचे दावे खात्याने मागे घेतले. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम. समीक्षक म्हणून मला दिसते ते या तक्रारीचे बागुलांच्या कथेशी असलेले नाते. इथे मारहाण नाही, शिवी नाही. ‘राखीव जागा’ एवढे दोन शब्द पुरतात. आणि नियमपुस्तकात जातीचा शब्दच नसेल, तर जखमेची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

म्हणून कथेच्या शीर्षकातल्या ‘चोरली’ या शब्दापाशी समीक्षेने थांबले पाहिजे. नायकाने कुणाचे काय घेतले? उलट त्याच्याकडूनच खोली, मैत्री, साचेखात्यातला पगार चोरीला गेला आहे. चोरीचा आळ मात्र त्याच्यावर.

आपल्या आत्मकथनांनी गावाचा पाणवठा जगापुढे आणला. आता शिकून कचेरीत, कंपनीत गेलेल्या पिढीने तिथला गोपनीय अहवाल, अडलेली बढती, डब्याभोवतीची शांतता लिहावी. ते ‘मध्यमवर्गीय’ लेखन होईल या भीतीने कुणी गप्प बसू नये. पाणवठा फक्त जागा बदलून बसला आहे.